‘स्वतः’, ‘टिळक’ आणि ‘भाई’

माझ्या आईने माझ्या वडिलांचे नाव उखाण्याबाहेर घेतलेले मी लहानपणी कधी ऐकले नाही. हळदीकुंकवाच्या दिवशी बायका तिला उंबरठ्यातच अडवीत. मग चांदीचे ताट, रुप्याची वाटी असा सगळा सरंजाम मांडून ती शेवटी ते तीन अक्षरांचे नाव इतक्या घाईने उरकून टाकी, की नाव घेतले की गिळले असा प्रश्न पडावा. एरवी घरात ‘अहो’ होते, ‘ऐकलं का’ होते, शेजारणीशी बोलताना ‘आमच्याकडे’ होते आणि आम्हा मुलांशी बोलताना ‘तुमचे दादा’ होते. रेशनच्या दुकानात कार्डावरचे नाव विचारले की ती मला पुढे ढकली. मी ते खणखणीत आवाजात सांगे आणि ती दुसरीकडे पाही.

आता माझी भाची पाहा. तिच्या लग्नाला दोन वर्षे झाली. ती नवऱ्याला नावाने हाक मारते, ‘अरे’ म्हणते, रागावली की नुसते ‘ए’ म्हणते. मात्र सासूबाई स्वयंपाकघरात असल्या की तिच्या तोंडी अवचित ‘हे’ येते. मी एकदा चिडवले तेव्हा म्हणाली, “मामा, ते माझं बोलणं नव्हे, त्या स्वयंपाकघराचं.”

कुटुंबात काय बदलले हे शोधणारे शास्त्रज्ञ लग्नाचे वय मोजतात, मुले मोजतात, एका चुलीवर किती माणसे जेवतात ते मोजतात. ते मोजलेच पाहिजे. पण यंदा दिवाळीच्या साफसफाईत पुस्तके पुसून परत लावताना मराठी स्त्रियांची आत्मचरित्रे योगायोगाने एका फळीवर आली, आणि मनात आले की या बायकांनी नवऱ्याला कागदावर काय म्हटले एवढेच एकदा पाहावे. बोलताना नाव चुकवता येते. डोळ्याने खुणावता येते, मुलाला पुढे ढकलता येते. दोनतीनशे पानांचे पुस्तक लिहिणारीला ही सोय नाही. तिला दर चार ओळींनी त्या माणसाचा उल्लेख करावा लागतो, आणि मराठी भाषा अशी लबाड की क्रियापदापर्यंत तिचा पिच्छा सोडीत नाही. ‘आला’ की ‘आले’, ‘म्हणाला’ की ‘म्हणाले’, हे ठरवल्यावाचून वाक्य पुरे होत नाही. म्हणजे संसाराचे सारे गणित त्या एका शब्दात आधी सोडवावे लागते, आणि मगच आठवण लिहिता येते.

रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली निघाले. न्यायमूर्ती जाऊन नऊ वर्षे झाली होती. रमाबाई तेव्हा पुण्यात सेवासदनाचे काम चालवीत होत्या, सभांतून बोलत होत्या, सुशिक्षित समाजात त्यांचा शब्द चालत होता. अशा बाईने पुस्तकभर नवऱ्याला काय म्हटले? ‘स्वतः’. १९३८ साली या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर झाले तेव्हा भाषांतरकर्तीला या शब्दाने एवढे झपाटले की तिने पुस्तकाचे नावच ‘हिमसेल्फ’ असे ठेवले. आपल्याला त्या शब्दाचे काही वाटत नाही, कारण आपल्या आज्यांच्या तोंडी तो होता. पण थोडा थांबून विचार केला तर हा शब्द मोठा विलक्षण आहे. ‘स्वतः’ म्हणजे आपण. ज्याचा उच्चार करायचा नाही त्याच्यासाठी तिने निवडलेला शब्द हा नेमका जो उच्चार करतो त्याचाच शब्द आहे. घरातला ‘स्वतः’ एकच. बाकीच्यांना नावे आहेत.

गंमत अशी की याच पुस्तकात आरंभी नावाचाच एक प्रसंग आहे. लग्न १८७३ सालचे. रमाबाई अकरा वर्षांच्या, माधवराव एकतीस वर्षांचे आणि बिजवर. ते विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. पहिली पत्नी गेल्यावर हा मुलगा विधवेशी लग्न करील या धास्तीने वडिलांनी घाईने कुमारिका पाहून हे लग्न जुळवले, आणि पुण्यात सुधारक व सनातनी दोघांनाही बोलायला विषय मिळाला. ही हकीकत रमाबाई काही न लपवता सांगतात. लग्नानंतर माधवरावांनी त्या मुलीला विचारले, तुझे लग्न कुणाशी झाले, माझे नाव काय, हे तुला ठाऊक आहे का? मुलीने नाव सांगितले. मग लिहितावाचता येते का, हा दुसरा प्रश्न. आणि लगेच पाटीपेन्सिल.

या प्रसंगावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि बहुतेकांनी ते पाटीवर लिहिले आहे: पहिल्याच दिवशी शिक्षणाला आरंभ करणारा थोर पती, वगैरे. मला त्या पहिल्या प्रश्नापाशी थांबावेसे वाटते. त्या मुलीने ते नाव तेव्हा सहज घेतले. पुढे सत्तावीस वर्षे संसार केला, मराठी शिकली, इंग्रजी शिकली, आणि पुस्तक लिहायला बसली तेव्हा ‘स्वतः’ लिहिले. शिक्षणाने जीभ मोकळी होते हे आपण गृहीत धरतो. इथे शिक्षण वाढले आणि नाव मागे गेले.

याचे कारण पुस्तकातच आहे. रमाबाईंच्या घरात दोन घरे होती. एक वडीलधाऱ्या बायकांचे. सासूबाई, नणंद आणि भोवतालच्या आश्रित स्त्रिया यांना सुनेचे शिकणे म्हणजे घराण्याला लागलेला बट्टा वाटे, आणि ते त्या तिला दिवसभर ऐकवीत. दुसरे घर रात्रीचे, दिव्याचे, पुस्तकाचे. तिथे फक्त दोन माणसे. हे दुसरे घर महाराष्ट्राच्या खाजगी आयुष्यात नवीन होते. नवराबायकोंनी एकमेकांशी बोलावे, आणि मुलेबाळे व देणीघेणी यांखेरीज काही बोलावे, ही गोष्ट त्या पिढीपर्यंत रिवाजात नव्हती. चारचौघांत तर ती असभ्यच होती. म्हणजे आपल्याकडे पतिपत्नींची जवळीक जन्मली ती शिकवणीच्या रूपाने. त्यांना एकत्र बसायला ज्या सबबीने प्रथम जागा मिळाली ती सबब म्हणजे धडा.

पण शिकवणीत एक गुरू असतो आणि एक शिष्य. रानडे मारझोड करणारे नव्हते, आवाज चढवणारेही नव्हते. बायकोकडून मनाविरुद्ध काही घडले तर ते अबोला धरीत, आणि रमाबाईंना तो अबोला कोणत्याही शिक्षेहून जड जाई. त्या रडत, क्षमा मागत, आणि दोन शब्द कानी पडले की कृतार्थ होत. त्या ही क्षमायाचना इतक्या निर्मळपणे सांगतात की वाचणाऱ्याला त्यांच्याबद्दल राग येण्याची सोयच उरत नाही. तरी विचारावेसे वाटते: खालच्या मजल्यावरच्या बायका बोलत होत्या म्हणून त्यांच्याशी मनातल्या मनात तरी भांडता येत होते, वरच्या मजल्यावर जो गप्प बसला त्याच्याशी भांडायचे कसे? दुष्ट सासू ओळखता येते. सज्जन नवऱ्याच्या सत्तेला नावच नव्हते, आणि तिला ‘स्वतः’ याहून नेमका शब्द सापडणे कठीण आहे.

इतके असून पुस्तकाचे नाव ‘त्यांच्या’ आठवणी असे नाही, ‘आमच्या आयुष्यातील’ असे आहे. समीक्षकांनी या पुस्तकाला रानड्यांच्या चरित्राचे साधन म्हणून वागवले, त्यांचे चरित्र लिहिताना त्यातले उतारे काढले आणि ते परत फळीवर ठेवले. ते ‘आमच्या’ कुणाच्या लक्षात आले नाही. नाव घेता येत नव्हते त्या बाईने मुखपृष्ठावर निम्मा वाटा मागून घेतला आहे.

पंचवीस वर्षांनी लक्ष्मीबाई टिळक येतात. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाले. यात नवरा आहे ‘टिळक’. टिळक आले, टिळक रागावले, टिळक निघून गेले. आदरार्थी बहुवचन आहे, पण आडनाव उघडे आहे. गावचे लोक, मिशनमधले लोक, कवितेचे चाहते ज्या नावाने त्या माणसाला ओळखीत तेच नाव बायको वापरते. यात दुरावा आहे असे कुणी म्हणेल. मला त्यात एक मोठी सोय दिसते. आडनावाने हाक मारली की माणूस चार पावले लांब उभा राहतो आणि नीट दिसतो. रमाबाईंना रानडे कधी असे बाहेरून दिसलेच नाहीत. लक्ष्मीबाईंना टिळक चारी बाजूंनी दिसतात: कवी, भक्त, तापट, लहरी, हाती आलेला पैसा वाटून टाकणारा, न सांगता घरातून निघून जाणारा आणि बायकोवाचून करमत नाही म्हणून परतणारा.

लक्ष्मीबाईंच्या विनोदाचे कौतुक करण्याची आपल्याकडे रूढी पडली आहे. शाळेच्या पुस्तकांतून तेवढेच वेचे दिले जातात, आणि मुलांची समजूत होते की ही एक गमतीदार आजी होती. हा विनोद नुसत्या स्वभावाचा नाही. तो ज्या ठिकाणाहून येतो ते ठिकाण तिने फार मोठी किंमत देऊन मिळवले होते.

टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर चारपाच वर्षे नवराबायको वेगळी होती. अशा वेळी कायदा काय सांगत होता? १८६६ च्या एका कायद्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाला अशी मुभा होती, की धर्माच्या कारणावरून जोडीदार नांदायला येत नसेल तर न्यायालयात जावे आणि अखेरीस विवाह मोडून घ्यावा. टिळकांनी ती वाट धरली नाही. आणि बायकोला जबरीने आणायचे म्हटले तर रखमाबाईंचा खटला होऊन अजून दहा वर्षेही लोटली नव्हती. १८८७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने त्या डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलीला नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असे सांगितले होते. टिळकांनी तेही केले नाही. ते पत्रे लिहीत राहिले, कविता लिहीत राहिले, वाट पाहत राहिले.

लक्ष्मीबाई परत आल्या त्या एकदम ख्रिस्ती होऊन नव्हे. आधी त्या आपले सोवळे घेऊन आल्या. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. एकमेकांवर जीव असलेली दोन माणसे जवळ राहतात आणि एकाच्या घागरीला दुसऱ्याने शिवायचे नाही. मराठी संसाराचे याहून बोलके चित्र मला ठाऊक नाही. पुढे एके दिवशी त्यांच्या मनाने घेतले की माणसांतले हे भेद देवाने केलेले नाहीत, आणि घागर एक झाली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली.

मुद्दा धर्माचा आहेच, पण आपल्या विषयापुरता तो वेगळाही आहे. लक्ष्मीबाईंचे पहिले लग्न आईबापांनी लावले, लहानपणी. दुसरे त्यांनी स्वतः लावले, त्याच नवऱ्याशी, आपल्या बुद्धीला पटल्यावर आणि आपल्या सवडीने. रमाबाईंना असा नकार देण्याचा अवसर आयुष्यात कधी आलाच नाही. लक्ष्मीबाईंनी पाच वर्षे नकार देऊन पाहिला. ज्या बाईला घर सोडता येते हे दोघांनाही कळून चुकले आहे, ती राहिली तर तिचे राहणे निराळे असते. तिला नवऱ्याला हसता येते. टिळक जाऊन पंधरा वर्षे झाल्यावर ती लिहीत होती हेही खरे. मेलेल्या माणसाला हसणे सोपे असते. पण रमाबाईंनाही तेच स्वातंत्र्य होते आणि त्या हसल्या नाहीत.

मधल्या काळावर फार रेंगाळण्याचे कारण नाही. १९२९ चा शारदा कायदा झाला, मुलीचे लग्नाचे वय चौदा ठरले, आणि कायदा पाळला गेला त्याहून तो मोडला गेला. शहरात बिऱ्हाडे आली. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात सासू नसली की ‘अहो’ किंचित सैल पडते. इरावती कर्वे यांच्या घरी तर मुलेसुद्धा आईला ‘इरू’ आणि वडिलांना ‘दिनू’ म्हणत, आणि ते घर महर्षी कर्व्यांच्या मुलाचे! पण इरावतीबाईंच्याच ‘परिपूर्ति’ या लेखात, एवढ्या विदुषीची ओळख लोक कुणाची सून, कुणाची बायको, कुणाची आई अशी करून देतात, आणि तिलाही त्यात काही पुरे झाल्यासारखे वाटते. त्यात थट्टा किती आणि खरे किती यावर मी अजून माझ्याशीच वाद घालतो.

सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली आले. यात नवरा ‘भाई’ आहे. पु. ल. देशपांड्यांना घरची माणसे, मित्र, नाटकातले सोबती, सगळेच भाई म्हणत. म्हणजे नाव जवळचे, पण एकटीचे नव्हे. रमाबाईंचा ‘स्वतः’ तिच्या तोंडी कुणाच्या वाट्याला न जाणारा होता. सुनीताबाईंना सर्वांत मोकळे नाव मिळाले, आणि ते अख्ख्या महाराष्ट्रात वाटून घ्यावे लागले. पुस्तकातले निम्मे दुःख या एका गोष्टीत आहे असे मला वाटते.

लग्न १२ जून १९४६ चे, रत्नागिरीचे, नोंदणी पद्धतीचे. दोघांनी एकमेकांना पसंत केलेले. तिला तर लग्न या विधीचीच गरज वाटत नव्हती. बेचाळीसच्या चळवळीत काम केलेली मुलगी. पाटीपेन्सिलीचा प्रश्नच नव्हता. पुढे तिने प्रयोगांची व्यवस्था पाहिली, मोटार चालवली, हिशेब ठेवले, हस्तलिखिते तपासली, दानधर्माचे काम उभे केले. आणि चौरेचाळीस वर्षांनी, नवरा हयात असताना, त्याच्या कीर्तीच्या भर दुपारी, तिने लिहिले की या माणसाचे माझ्याकडे लक्ष नव्हते.

त्यावर केवढे वादळ उठले ते पुष्कळांना आठवत असेल. घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर आणल्या, लाडक्या लेखकाला उणे केले, असे लोक म्हणाले. मी तेव्हा ते पुस्तक दोन रात्रींत वाचले आणि मलाही राग आला होता, हे कबूल करतो. आज तक्रार निराळी आहे. सुनीताबाईंच्या हातातला काटा फार बारीक आहे. त्या माणसे तोलतात, आणि तोलताना क्वचितच कुणाला झुकते माप देतात. काही पाने आठवणींची न राहता आरोपपत्राची होतात. पण त्या काट्यावर सर्वांत जास्त वेळा त्या स्वतः बसल्या आहेत, आणि ही गोष्ट त्यांच्यावर रागावलेल्यांनी सांगितली नाही.

मात्र ती तक्रार पाहा. मारहाण नाही, व्यसन नाही, उपासमार नाही. तक्रार आहे ती दखल न घेतल्याची. १९१० सालच्या वाचकाला ही तक्रार समजलीच नसती. नवऱ्याने बायकोची दखल घ्यायची असते हेच त्याला नवीन वाटले असते. पाश्चात्त्य समाजशास्त्रज्ञ अँथनी गिडन्स यांनी १९९२ साली असे मांडले, की आधुनिक काळात नाते हे नात्यासाठीच असते. दोघांनाही त्यातून काही मिळते तोवर ते टिकते आणि मिळेनासे झाले की संपते. सुनीताबाईंचे पुस्तक त्यांच्या हाती दिले असते तर ते बुचकळ्यात पडले असते. इथे हिशेब चोख मांडला आहे, बाकी नावे निघाली आहे, आणि बाई खाते बंद करीत नाही. पु. लं. चे निधन १२ जून २००० रोजी झाले, लग्नाच्याच तारखेला. तोवर ती त्यांच्याजवळ होती. हिशेब मांडणे आणि निघून जाणे या दोन गोष्टी आपल्याकडे एकमेकींना बांधलेल्या नाहीत. याला दुबळेपणा म्हणावे, सवय म्हणावे की प्रेम म्हणावे, हे ठरवायला ते पुस्तक पुन्हा वाचावे लागते, आणि जी. ए. कुलकर्ण्यांना तिने लिहिलेली पत्रेही वाचावी लागतात. प्रत्यक्ष भेटी थोड्या, आणि कागदावर एवढे बोलणे! विवाहित बाईने परपुरुषाशी असे मनमोकळे लिहावे, नवऱ्याला ते ठाऊक असावे आणि त्यात कुणाला वावगे वाटू नये, हे नातेही रमाबाईंच्या काळी नव्हते. त्याला अजूनही आपल्या भाषेत धड शब्द नाही.

इथवर लिहून झाल्यावर मी समाधानाने पेन खाली ठेवणार होतो. ‘स्वतः’पासून ‘भाई’पर्यंत कशी सुरेख चढण लागली! पण त्याच फळीवर बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ होते, १९८६ चे, म्हणजे सुनीताबाईंच्या आधीचे. आधी ते ‘स्त्री’ मासिकातून आले होते. त्यात नवऱ्याला काय म्हटले आहे? जवळजवळ काहीच नाही. नवरा पुस्तकात नाहीच म्हटले तरी चालेल. सबंध पुस्तक महारवाड्याचे आहे: तिथली भूक, तिथले देव, सासुरवास सोसणाऱ्या कोवळ्या पोरी, आणि बाबासाहेबांच्या शब्दाने उठून उभी राहिलेली माणसे.

फलटणला या बाईंचे छोटे दुकान होते. माल बांधायला येणारे रद्दी कागद वाचता वाचता त्यांना वाचनाचे वेड लागले. गल्ल्यावर बसून त्यांनी लिहिले, आणि लिहिलेले नवऱ्यापासून वर्षानुवर्षे लपवून ठेवले. २००८ साली पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर निघाले, त्याला जोडलेल्या मुलाखतीत त्यांनी नवऱ्याच्या मारहाणीविषयी सांगितले. हे पुस्तकात का नाही, तर आपले दुःख सगळ्या समाजाच्या दुःखापुढे वेगळे काढून दाखवण्याजोगे त्यांना वाटले नाही.

माझी चढण इथे ढासळली. रमाबाईंना वरचा मजला होता, लक्ष्मीबाईंना निदान वेगळी घागर होती, सुनीताबाईंना आपले असे टेबल होते. खाजगी आयुष्य ही वस्तू आधी असावी लागते, मग ती बदलते. जिथे एका पोरीचा मार सगळ्या वाड्याला ऐकू जातो तिथे खाजगी काय असते? आणि तरीही लपवलेले ते कागद होतेच. नवऱ्याला न दाखवलेली वही म्हणजे त्या बाईंचा वरचा मजला, फक्त तिथे शिकवायला कुणी नव्हते. रमाबाईंच्या ‘आमच्या’त दोन माणसे आहेत, बेबीताईंच्या ‘आमुचं’मध्ये नवरा आहे की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. तो वाड्यातला एक म्हणून असेल. नवरा म्हणून त्यांनी त्याला आत घेतला नाही, एवढे मात्र खरे.

वडील गेल्यावर मी आईला घेऊन बँकेत गेलो होतो. खाते तिच्या नावावर करायचे होते. खिडकीपलीकडच्या तरुण कारकुनाने मान वर न करता विचारले, “मिस्टरांचं नाव?” सवयीने मी तोंड उघडले. तेवढ्यात आई बोलली. ताट नाही, वाटी नाही, तीन अक्षरे, पुढे त्यांच्या वडिलांचे नाव, पुढे आडनाव. आवाज जरा मोठाच लागला. रांगेतल्या दोघांनी वळून पाहिले. कारकुनाने स्पेलिंग विचारले, आणि ते मात्र तिने मला सांगायला लावले.